बाल्कांवातली वायर

(दृश्य: पेडणे, पहाट, पाऊस)

पहाटेचे साडेपाच. बाहेर धो धो पाऊस, आणि बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या कठड्यावरून एक जाड वायर उतरून गाडीच्या नाकात शिरलीय. ही इलेक्ट्रिक टॅक्सी आहे बरं का. मालक प्लग काढतो, फडक्याने पुसतो, वायर गुंडाळून खिळ्याला अडकवतो, देवाला नमस्कार करतो आणि मग स्टार्ट. स्टार्ट म्हणजे काय, आवाज नाहीच, नुसता डॅशबोर्डवर दिवा. सात वाजता मोपा विमानतळावर गिऱ्हाईक उतरणार आहे.

(दृश्य: म्हापसा, गॅरेज)

आता ही दुसरी गाडी बघा, रॅम्पवर चढवलेली. परदेशी, महागडी, प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्जही होते आणि पेट्रोलवरही पळते. इकडे सायलेन्सर आणि पेट्रोलची टाकी, तिकडे नारिंगी केबल आणि बॅटरी. दोन गाड्या एकीत कोंबल्यात, ऑइल बदला, फिल्टर बदला आणि वर बॅटरीही सांभाळा.

ही आयडिया तशी जुनीच. २००८ च्या डिसेंबरात चीनमध्ये बीवायडी कंपनीने एफ३डीएम ही गाडी आणली, मग २०१० ला अमेरिकेत शेवरले व्होल्ट, १६ युनिटची बॅटरी, पंचावन्न-छप्पन किलोमीटर विजेवर आणि पुढे इंजिन. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, कारण एका युनिटच्या बॅटरीला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत, म्हणून बॅटरी छोटी घ्यायची आणि बाकीचं पेट्रोलवर ढकलायचं. २०२४ ला हाच भाव ११५ डॉलरवर आला, पण इंजिन काय स्वस्त झालं नाही. व्होल्ट २०१९ लाच बंद पडली. चीनमध्ये प्लग-इन आजही जोरात खपतात, पण तिथली अंतरं बघा आणि आपला गोवा बघा, उभा मोजला तर जेमतेम १०५ किलोमीटर!

त्यात टॅक्स. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के, मोठ्या प्लग-इनला ४०. टॅक्सीवाल्याने कुठली घ्यायची, सांगा. आणि प्लग-इनवाले रोज प्लग लावतात तरी कुठे? युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरचे आकडे तपासले, तर या गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड लॅबमधल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला.

(दृश्य: चोर्ला घाट, उतार)

बेळगावहून परतताना. पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला, समोर धुकं, काचेवर वायपर. घाट सुरू झाला तेव्हा बॅटरी ४१ टक्के होती, खाली उतरलो तर ४३, कारण उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते. मालक स्क्रीनकडे बोट दाखवून हसतो. आम्ही हे तीनदा शूट केलं, खरं सांगायचं तर मजा येत होती म्हणून.

गॅरेजवाल्यांचं आणि पेट्रोल पंपावरच्या पोरांचं काय, हा प्रश्न आहेच.

(दृश्य: पेडणे, रात्र)

वायर पुन्हा बाल्कांवातून खाली. नऊ वाजता लाइट गेली. मेणबत्ती लावली, मोबाइलवर बघितलं, ६२ टक्के. "उद्या कळंगुटपर्यंतच जायचंय," म्हणाला आणि जेवायला बसला.