कोपर जरा आत

सोमवार, म्हणजे छातीचा दिवस. बेंचसाठी नंबर लागलाय. एक मुलगा बाकावर उताणा पडलाय, बार छातीकडे खाली येतोय. आता त्याच्या कोपरांकडे बघा. दोन्ही थेट खांद्याच्या रेषेत बाहेर फाकलेली. वजन उचललं जातंय, पण ताण खांद्याच्या पुढच्या भागावर पडतोय.

खांदा हा शरीरातला सगळ्यात मोकळा फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, त्याची खोबण उथळ. गोळा जागेवर धरतात ते चार लहान स्नायू, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात. आरशात ते दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जिममध्ये कुणी वेळ काढत नाही. नव्या पोराला पहिल्याच दिवशी बारखाली झोपवतात, हे थांबायला हवं.

बेंचवरच्या या मुलाचा खांदा आता दुखतोय. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याला हात बाजूने वर न्यायला सांगितलाय. खांद्याच्या उंचीला आला की चेहरा आवळतो. आणखी वर गेला की सुटतो. रोटेटर कफच्या चार स्नायूंपैकी वरच्याची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दुखावली की बहुधा असंच होतं.

ताईंनी व्यायाम बंद केलेला नाही. मानेमागून प्रेस (बार मानेमागून वर ढकलणं) आणि अपराइट रो (बार अंगालगत हनुवटीकडे ओढणं) तेवढे थांबवलेत. बेंचऐवजी आता जमिनीवर पडून डंबेल. कोपर जमिनीला टेकतं, त्याच्या खाली जातच नाही. तळवे समोरासमोर, कोपर अंगापासून साधारण 45 अंशांवर.

आणि हा रबरी पट्टा. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची घडी. हात सावकाश बाहेर, परत येताना त्याहून सावकाश. घडी पडली की कोपर सुटलं, पुन्हा सुरुवात. मग केबल रो, म्हणजे मशीनची केबल पोटाकडे ओढणं: फऱ्याची हाडं मागे जवळ येतात, ती नीट दिसावीत म्हणून शर्ट काढायला लावलाय. ढकलायचे जितके सेट, तितके तरी ओढायचे.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी वाढलं, तर वजन कमी करायचं. कंडरेला बरं व्हायला महिने लागू शकतात. यंदाची स्पर्धा त्याने सोडली.

झटक्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटून ताकद गेली, हात उचलताच येईना किंवा दुखण्याने रात्री झोप लागेना, तर पट्टा बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.