अठरा महिन्यांचा मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

12 जानेवारी 2010. हैतीत संध्याकाळचे पाच वाजायला आले होते, आणि 7.0 तीव्रतेच्या भूकंपाने राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सची दाणादाण उडवली. राष्ट्राध्यक्षांचा प्रासादसुद्धा कोसळला. तीनच दिवसांत अमेरिकेच्या तत्कालीन गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांनी हैतीच्या नागरिकांना 'टीपीएस', म्हणजे तात्पुरतं संरक्षण, जाहीर केलं. मुदत 18 महिने.

आता यातली मेख ऐका. हे संरक्षण ढिगाऱ्यातून वाचून आलेल्यांसाठी नव्हतंच. भूकंपाच्या दिवशी जे आधीच अमेरिकेत होते, त्यांच्यासाठी होतं. ज्याचं घर डोळ्यांदेखत पडलं आणि जो महिन्याभराने तिथे पोचला, त्याचं नाव यादीत नाही! पुढे 2011 मध्ये ती तारीख वर्षभराने पुढे ओढली, तेव्हा कुठे अशा लोकांना दार उघडलं.

असा आडवळणाचा कायदा का लागतो? कारण 1951 च्या निर्वासित करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत वगैरे कारणांवरून होणारा छळ मोजतात. भूकंप कुणाचा छळ करत नाही, तो फक्त घर पाडतो. ही फट अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने थोडी बुजवली. टीपीएस मिळालं की हद्दपारी टळते, कामाचा परवाना मिळतो. पण कितीही वर्षं काढा, त्यातून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही.

पुण्या-मुंबईत भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, आणि माणसं मात्र त्याच घरात पंधरा वर्षं काढतात, तसंच हे, मुदत वाढवत वाढवत. फक्त इथे घरमालक निवडणुकीत बदलतो.

ज्यांची मुलं-सुना अमेरिकेत आहेत, त्यांच्या कानावर 'ईएडी कार्ड', म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, हा शब्द असेलच. टीपीएसवाल्यांकडेही तेच कार्ड, कोड वेगळा: ए-12 किंवा सी-19. गंमत अशी की मुदत वाढली तरी नवं कार्ड हातात पडायला उशीर होतो. मग सरकार राजपत्रात छापतं की जुनं कार्ड अमुक तारखेपर्यंत चालेल. कार्डावरची तारीख तर उलटून गेलेली. त्यामुळे रुग्णालयात रात्रपाळी करणारी बाई त्या राजपत्राची प्रत जवळ बाळगते आणि नोकरीच्या ठिकाणी समजावत बसते, साहेब, हे कार्ड अजून चालू आहे.

इकडे हैतीत एक संकट निस्तरेपर्यंत दुसरं. 2010 मध्येच कॉलरा आला, तोही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून. 2016 मध्ये मॅथ्यू चक्रीवादळ. जुलै 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोइझ यांची हत्या, आणि पुढच्याच महिन्यात दक्षिणेला 7.2 चा भूकंप. त्यानंतर टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग ताब्यात घेतला.

ट्रम्प सरकारने 2017 मध्ये हे संरक्षण संपवायचं ठरवलं, न्यायालयांनी रोखलं. बायडन सरकारने 2021 मध्ये ते नव्याने दिलं आणि पुढे 3 फेब्रुवारी 2026 पर्यंत वाढवलं. 2025 मध्ये पुन्हा ट्रम्प सरकार आलं, तेव्हा ती मुदतच अलीकडे ओढायचा प्रयत्न झाला. 1 जुलैला न्यूयॉर्कचे न्यायाधीश ब्रायन कोगन म्हणाले, दिलेली मुदत मधेच कापता येणार नाही. नोव्हेंबरात सरकारने 3 फेब्रुवारीला सगळंच संपवण्याची सूचना काढली. प्रश्न जवळजवळ साडेतीन लाख लोकांचा.

माझं म्हणणं एवढंच आहे: परत पाठवायचं तर पाठवा, पण कुठे, ते आधी सांगा. जून 2025 मध्ये सरकारने हैतीची परिस्थिती परतण्याइतकी सुधारली असल्याचं जाहीर केलं. त्याच वेळी त्याच सरकारचं परराष्ट्र खातं आपल्या नागरिकांना हैतीला जाऊ नका, असं बजावत होतं. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये एका प्रवासी विमानावर गोळीबार झाल्यापासून अमेरिकी विमानांना पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरायला बंदी होती.

नमस्कार.