पाणव्होल: उंदीर नसलेला उंदीर

श्रोतेहो, नमस्कार. युरोपातल्या एखाद्या संथ ओढ्याच्या काठी, बिळाच्या तोंडाशी बसून गवताचं कांडं दोन्ही पंजांत धरून कुरतडणारा तपकिरी प्राणी दिसला, की पाहणारा ‘उंदीर’ म्हणून मोकळा होतो. तो असतो पाणव्होल, शास्त्रीय नाव आर्विकोला अँफिबियस. या गैरसमजापायी उंदरांसाठी ठेवलेलं विष खाऊन तो मरतोही, म्हणून आज त्याची ओळख नीट करून द्यावीशी वाटते.

तोंडापासून सुरुवात करू. तपकिरी उंदराचं नाक टोकदार, याचं बोथट आणि गाल भरलेले. उंदराचे कान उठून दिसतात, याचे केसांत बुडालेले. उंदराची शेपटी लांब, खवल्यांची. याची आखूड आणि केसाळ. मोठा नर ३०० ग्रॅमपर्यंत भरतो. पोहण्यात इतका तरबेज, पण बोटांमध्ये पडदे मात्र नाहीत!

१७५८ साली सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने याला उंदरांच्याच प्रजातीत घातलं, आणि तेही दोनदा. पाण्यात राहणारा अँफिबियस, जमीन पोखरणारा टेरेस्ट्रिस. पुढे दोन्ही एकच ठरले. दोन्ही नावं एकाच वर्षीची असल्याने कुठलं ठेवायचं हा घोळ बराच काळ चालला. जुन्या पुस्तकांत टेरेस्ट्रिस भेटतं, आता अँफिबियस रूढ आहे. कुळही बदललं: घरातल्या उंदराचं म्युरिडी, याचं क्रिसेटिडी. म्हणजे हॅमस्टर आणि लेमिंग हे याचे खरे भाऊबंद. स्पेन-फ्रान्सकडचा आर्विकोला सॅपिडस दिसायला अगदी याच्यासारखा, पण त्याची गुणसूत्रं ४० आणि याची ३६.

मला सर्वांत मोह पडतो तो याच्या दाढांचा. वरून पाहिलं तर एकापुढे एक त्रिकोण, प्रत्येकाभोवती कठीण एनॅमलची कड. गवत चिरडायला यापेक्षा चांगलं हत्यार नाही. चरबट गवताने दात झिजतात खरे, पण या दाढांना मुळंच धरत नाहीत, त्यामुळे त्या जन्मभर वाढत राहतात. मिमोमिस या त्याच्या नामशेष पूर्वजाच्या दाढांना मात्र मुळं होती. म्हणूनच युरोपातल्या उत्खननात एखादी दाढ हाती लागली, की अभ्यासक आधी तिची मुळं पाहतात. मुळं असली तर थर जुना, नसली तर त्यानंतरचा. नखाएवढ्या दाढेवरून काही लाख वर्षांपूर्वीच्या थरांचा क्रम असा लावता येतो.