डिझेल इंजिनात हायड्रोजन: किती आणि कुठून

मंडळी, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, हायड्रोजनला मात्र पाचशेच्या पुढे जावं लागतं. म्हणून हायड्रोजन दिला तरी नोझलमधून थोडं डिझेल यावंच लागतं. आधी ते पेटतं, मग त्याच्या ज्वाळेने हायड्रोजन. जेवढं डिझेल वाचेल तेवढा धूर कमी.

आता ट्रॅक्टरला लावायच्या पाण्याच्या किटचा, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढणाऱ्या एचएचओचा, हिशोब करू. सहा सेल, १४ व्होल्ट, २० अँपिअर. त्यातून तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो, म्हणजे १५ मिलि डिझेलइतकी उष्णता. त्यासाठी लागणारे २८० वॅट इंजिनावरच फिरणारा अल्टरनेटर देतो. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के आणि इंजिनाची ३० टक्के धरली, तर तासाला दीडशे मिलि डिझेल जास्तीचं जळतं. पंधरासाठी दीडशे! जळगावातल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी या किटवर पैसे घालू नयेत, हे मी स्पष्ट सांगतो.

खरं काम सिलिंडरमधल्या हायड्रोजनवर होतं. पण ४७ लिटरच्या, १५० बार दाबाच्या लोखंडी सिलिंडरमध्ये जेमतेम अर्धा किलो वायू मावतो, म्हणजे पावणेदोन लिटर डिझेलची बरोबरी. शेतातल्या पंपाला हे परवडत नाही. जिथे हायड्रोजन जागेवरच तयार होतो, तिथल्या मोठ्या जनरेटरला जमू शकतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्रीसारख्या सौर प्रकल्पाशेजारी विचार करता येईल, पण एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्या किलोतून सव्वातीन लिटर डिझेलची उष्णता मिळते, हे धरून चाला.

वायू एअर फिल्टरच्या पाइपात सोडू नका. हवेत ४ ते ७५ टक्के असला की तो पेटतो, तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा कार्बनचा निखारा पुरतो आणि अख्खा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप, भडकतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक पोर्टजवळ, म्हणजे हवा आत शिरते त्या तोंडाशी, वेगळा इंजेक्टर लावा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच तो उघडला पाहिजे, आणि इनटेक बंद होण्याआधी पोर्ट रिकामा झाला पाहिजे. लाइनमध्ये ज्वाळा मागे येऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवाच.

सुरुवातीला एकूण उष्णतेपैकी दहा टक्केच हायड्रोजनमधून द्या. इंजिनात अवेळी पेट घेतल्याचा ठोका ऐकू आला की वायू कमी करा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांची हवा आत जाते, तेव्हा हिवाळ्यात चाललेलं प्रमाण चालत नाही. ज्वाळा जास्त तापली की नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू वाढतात, ते एक्झॉस्टचा थोडा वायू परत फिरवून आवरावे लागतात.

एलपीजीची रबरी नळी वापरू नका, स्टेनलेस स्टीलची ट्यूब घ्या आणि प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. उन्हात हायड्रोजनची ज्वाळा दिसत नाही. गळलेला वायू वर जातो, म्हणून पत्र्याच्या शेडला अगदी माथ्यावर झरोका ठेवा आणि सेन्सरही तिथेच बसवा.