नातवंडांसोबत ख्रिसमस कुकीज करायच्यात? मग पीठ आदल्या दिवशीच करून ठेवा

चालू झाला का कॅमेरा? हां, बरं. नमस्कार मंडळी.

तर गेल्या ख्रिसमसला मी काय केलं, नातवंडांना घेऊन कुकीज करायला बसले, थोरला नऊ वर्षांचा, धाकटी चार, आणि हौसेने पीठ मळण्यापासून सगळं त्यांच्याच हातात दिलं. धाकटीने तो गोळा वीस मिनिटं असा काही तिंबला की विचारू नका. भाजून निघालेली कुकी चहात बुडवली तरी मऊ पडेना, आणि ताऱ्यांचे सगळे ढग झालेले, टोकं गायब.

नंतर डोक्यात आलं, यात पोरीची काय चूक? बटरमध्ये थोडं पाणी असतंच, मैदा ओला करून मळत राहिलं की ग्लूटेन, म्हणजे मैद्यातली ती चिवट जाळी, तयार होतं आणि कुकी चिवट, कडक होते. त्यात लहान मुलांचे हात गरम, बटर हातातच वितळायला लागतं, मग ओव्हनमध्ये आकार पसरतो.

म्हणून यंदा पीठ मी एकटीने, आदल्या रात्री केलं. माप सोपंय, एकास दोनास तीन. १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. चिमूटभर मीठ, चमचाभर सुंठ पूड, अर्धा चमचा दालचिनी, झालं. अंडं नाही. बटर बोटाने दाबलं तर खड्डा पडेल इतपतच मऊ हवं, साखरेबरोबर फेटा, मैदा घाला आणि गोळा झाला की हात बाजूला! मळायचं नाही.

आता एक गंमत सांगते. सगळे गोळा फ्रीजमध्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो दगड लाटत बसतात. तुम्ही आधीच लाटून ठेवा, दोन बटर पेपरच्या मध्ये, अर्धा सेंटीमीटर जाड, आणि ती लाटलेली पोळीच ट्रेवर आडवी फ्रीजमध्ये सरकवा. सकाळी मुलं आली की थेट साचे हातात. चार वर्षांच्या मुलीला "थांब, अजून अर्धा तास गार व्हायचंय" हे सांगून बघा एकदा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय.

त्याच रात्री चारपाच कुकीज भाजूनही ठेवते मी. एक तर ओव्हनचा अंदाज येतो, आणि दुसरं म्हणजे लाच. कारण मुलं कच्चं पीठ चाटणारच, आणि अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात, साल्मोनेला वगैरे. नुसतं नको नको म्हणून कोण ऐकतंय, तोंडात भाजलेली कुकी असली की हात पिठाकडे कमी जातो, एवढंच.

साचा मैद्यात बुडवायचा, सरळ दाबायचा, गोल फिरवायचा नाही. उरलेली कडा एकदा, फार तर दोनदा परत लाटा. एका ट्रेमध्ये एकाच मापाचे आकार ठेवा, नाहीतर छोटे तारे करपतात आणि मोठं झाड कच्चंच राहतं. ओव्हन १७० डिग्री, १२ ते १५ मिनिटं, कडा सोनेरी झाली की बाहेर. मऊ लागतील, घाबरू नका, गार होताना कडक होतात. मी पूर्वी मऊ लागल्या म्हणून परत आत घालायचे, सगळ्या जाळल्यात तशा!

थोरल्याला वेगळं काम हवं असतं, तो मोठा ना. त्याला कडक रंगीत गोळ्या जाड पिशवीत घालून लाटण्याने फोडायला द्या, राग बिग सगळा निघतो. कुकीच्या मध्ये छोट्या साच्याने भोक पाडायचं, भाजत आली की त्यात तो चुरा भरून शेवटची चारपाच मिनिटं परत आत. गोळी वितळून रंगीत काच होते. पण हे भरणं आणि ट्रे काढणं तुमचं, मुलांचं नाही, वितळलेली साखर कातडीला चिकटते आणि भाजतच राहते. ट्रे उंचावर ठेवून पूर्ण गार होऊ द्या. आणि अख्ख्या गोळ्या धाकट्यांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

आयसिंगला १०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि साधारण एक मोठा चमचा दूध, तेही थेंबथेंब. चमच्याने वरून रेघ सोडा, मोजून दहा सेकंदात ती विरली की बरोबर. कुकी पूर्ण गार हवी, कोमट असली तरी सगळं ओघळतं. आयसिंग भरलेल्या पिशवीचा कोपरा अगदी बारीक कापा, आणि मुलांना एकेक ट्रे वेगळा द्या, भांडणं निम्मी होतात. मी तर हात मागे बांधून उभी राहते, कारण नाहीतर मी तो स्नोमॅन "नीट" करायला जाते आणि तीन डोळे का पुसलेस म्हणून रडारड!

रात्रभर सुकू द्या, मग बटर पेपरचे थर घालून घट्ट डब्यात. काचवाल्या मात्र आधी संपवा, हवेतल्या ओलीने चिकट होतात. आमच्याकडे तेवढा वेळ त्या टिकल्याच नाहीत म्हणा.