शुभेच्छांचं पान आणि नोटिशीचा कागद

(ठाण्यातील एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

'अल्पसंख्याकांची वृत्तपत्रं आणि शासनाचा जनसंपर्क' हा विषय वाचून निम्मी सभा ओस पडेल असं मला वाटलं होतं. तुम्ही आलात, त्याअर्थी बाहेर पाऊस असावा.

ईदच्या दिवशी स्टेशनवरच्या स्टॉलवरून एखादं उर्दू दैनिक विकत घ्या. लिपी येत नसली तरी अडत नाही, सगळं फोटोंवरून कळतं. पानंच्या पानं शुभेच्छा. हात जोडलेले मंत्री, त्यांच्या खाली आमदार, आमदारांच्या खाली टपाल तिकिटाएवढे इच्छुक उमेदवार. मग पावसाळ्याच्या तोंडावर, पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते त्या दिवसांत, तेच दैनिक पुन्हा घ्या. त्यात ती यादी दिसली तर मला जरूर कळवा. मला फार क्वचित दिसली आहे. यादी निघते, मराठी दैनिकांत छापूनही येते. पण ज्या मुंब्रा-कौशात अशा इमारतींचा प्रश्न इतका मोठा आहे, तिथे सकाळी जे पेपर हातात घेतले जातात त्यांत ती नसते.

हे दुर्लक्ष आहे, एवढ्यावर मी थांबणार नाही. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अल्पसंख्याकांची वृत्तपत्रं म्हणजे पत्रकं चिकटवायची भिंत, असं आपल्याकडचं सरकारी खातं धरून चालतं. सण आला, लसीची मोहीम आली, निवडणूक आली की चिकटवा. पण त्या पेपरच्या कचेरीत लोक रोज येऊन काहीतरी विचारत असतात. ते विचारणं साहेबांच्या टेबलापर्यंत येत नाही. जनसंपर्क या शब्दातला 'जन' तिथेच राहतो आणि उरतो तो नुसता संपर्क.

मुंब्र्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे मी अधूनमधून जातो. कचेरी म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या आणि एक संगणक. एकदा मे महिन्यात मी बसलेलो असताना एक गृहस्थ घडी घातलेला कागद घेऊन आले. इमारतीला नोटीस लागली होती. 'महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २६४ अन्वये आपणांस सूचित करण्यात येते की' इथून सुरुवात, मग अर्ध्या पानाचं एकच वाक्य आणि शेवटी 'अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल'. गृहस्थ कोकणी मुसलमान, मूळचे रायगडकडचे. घरात बोलतात ती कोकणी बोली, म्हणजे आपल्या मराठीचीच. त्यांना वाचता येत होतं, अर्थही कळला होता. त्यांचे प्रश्न नोटिशीच्या पलीकडचे होते. इमारत सी-१ आहे की सी-२ए? सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी असेल तर न हलता दुरुस्ती चालते, सी-३ ला किरकोळ डागडुजी. एका अक्षरावर बिऱ्हाड हलतं की राहतं ते ठरतं. दुसरा प्रश्न, पाडल्यावर माझा हक्क राहतो का? इमारत पाडण्याआधी कोण राहतं आणि किती क्षेत्रफळात राहतं याची नोंद करून घ्यायची असते. ती नोंद झाली का, हे भाडेकरूने कोणाला विचारायचं? तिसरा प्रश्न साधा. सामान घेऊन मी जाऊ कुठे?

संपादकांनी दोन फोन लावले, काय ते समजून घेतलं आणि पुढच्या अंकात अर्धं पान प्रश्नोत्तरं छापली. त्यासाठी त्यांना कोणी जाहिरात दिली नव्हती आणि प्रसिद्धिपत्रकही पाठवलं नव्हतं. वॉर्ड ऑफिसने करायचं काम त्यांनी केलं आणि वर कागदाचा खर्चही खिशातून घातला. ४ एप्रिल २०१३ ला शीळ फाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यांतली कित्येक त्या अर्धवट इमारतीत राहत होती. घर घेताना कोणते कागद बघायचे हे आपल्या भाषेत, आपल्या ओळखीच्या पेपरात वाचायला मिळणं ही कोणावर मेहरबानी नव्हे.

सरकार या वृत्तपत्रांकडे कधी बघतच नव्हतं असंही नाही. १ जुलै १८२२ ला फर्दुनजी मर्झबानांनी 'मुंबई समाचार' काढला. गुजराती वाचणाऱ्या पारशी आणि व्यापारी मंडळींचा हा पेपर आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या सरकारने एक खातंच बसवलं होतं. मराठी, गुजराती, उर्दू, कानडी पत्रांत आठवडाभर काय छापून आलं त्याचा इंग्रजी गोषवारा साहेबासाठी तयार व्हायचा. त्या काळच्या लोकमताचा अभ्यास करणारे आज तेच अहवाल चाळतात. इंग्रज वाचत होता, आणि नीट वाचत होता. मात्र त्याला राजद्रोह हुंगायचा होता. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा त्याच नाकातून आला. आपण स्वतंत्र झाल्यावर राजद्रोह हुंगणं सुटलं असेल-नसेल, ते तुम्हीच ठरवा. वाचणं मात्र सुटलं. जिल्हा माहिती कार्यालयांतून रोज कात्रणं जातात, पण उर्दू किंवा सिंधी वाचणारा माणूस कचेरीत नसेल तर त्या पेपरांचं कात्रण काढणार कोण?

आता जरा लांबचं उदाहरण देतो. १९७५ साली ऑस्ट्रेलियात मेडिबँक ही सरकारी आरोग्य विमा योजना १ जुलैपासून सुरू व्हायची होती. ग्रीक, इटालियन, अरब कामगारांना ती समजणार कशी? म्हणून जूनमध्ये सिडनी आणि मेलबर्नला दोन रेडिओ केंद्रं काढली, परभाषकांसाठी त्यांच्याच भाषांत. योजना समजावली की गाशा गुंडाळायचा, अशी तीन महिन्यांची तात्पुरती सोय होती. पण लोकांनी ती सोडली नाही. त्यातूनच १९७८ साली एसबीएस ही संस्था उभी राहिली आणि आज ती ६०हून जास्त भाषांत प्रसारण करते. सरकार सांगायला गेलं आणि अडकून पडलं. अशा अडकण्याला माझी काही हरकत नाही.

आपल्याकडचा यापेक्षा मोठा धडा पोलिओचा आहे. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. मुसलमान वस्त्यांत प्रमाण जास्त. आता जाहिरात कमी पडली म्हणावं तर अमिताभ बच्चन घराघरांत 'दो बूंद' सांगत होते. तरी दारं बंद होत होती. 'मुलं होऊ नयेत म्हणून हे थेंब देतात' अशी कुजबूज होती. मग मोहिमेने अलीगढ विद्यापीठ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द यांना सोबत घेतलं. उर्दूत पत्रकं निघाली, मशिदींतून आवाहनं झाली, त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघरी फिरू लागल्या. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, कारण ती सोपी आहे. मौलवींनी सांगितलं आणि लोकांनी ऐकलं! पण लोक उलट एक प्रश्न विचारत होते आणि तो मोहिमेला अडचणीत आणणारा होता. पोलिओसाठी तुम्ही महिन्या-महिन्याला दारात येता. मूल जुलाबाने मरतं तेव्हा कुठे असता? गटार कधी उपसणार?

कोणताही कार्यालयप्रमुख यावर म्हणाला असता, 'तो विषय आमच्या खात्याचा नाही.' इथे निदान काही प्रमाणात तरी तसं झालं नाही. २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधले १०७ अतिजोखमीचे तालुके निवडून तिथे स्वच्छता, पिण्याचं पाणी, जुलाबावरचे उपचार हे सगळं पोलिओच्या कामाला जोडलं. लसीला होणाऱ्या नकारात गटाराची तक्रार दडलेली होती, आणि ती कोणीतरी ऐकून वर नेली होती. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आणि २०२२ च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला तेव्हा आपण काय केलं? पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात. मौलवींना बोलवा, उर्दूत पोस्टर काढा. दुसरा धडा कोणी उघडलाच नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. यांतली बरीच साप्ताहिकं 'फाईल कॉपी'ची असतात. म्हणजे जाहिरातीच्या बिलाला जोडण्यापुरते अंक छापायचे, बाकी खप शून्य. असे महाभाग मराठीतही पैशाला पासरी आहेत, तेव्हा उर्दूकडे बोट दाखवून हसू नका. जो पेपर खरंच निघतो त्याची अडचण निराळी. सरकारी जाहिरातीचं बिल महिनोन् महिने अडकतं, आणि अडकलेलं बिल सोडवायचं असेल तर पहिल्या पानावर काय छापायचं नाही हे संपादकाला सांगावं लागत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये महापौरांच्या आदेशाने ठरवलं की शहराच्या खात्यांनी छापील आणि डिजिटल जाहिरातींवरच्या खर्चाचा निदान निम्मा भाग स्थलांतरित समाजांच्या आणि मोहल्ल्यांच्या माध्यमांवर करायचा. वाटा ठरलेला असला की तो मागायला हात पसरावा लागत नाही. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९२० मध्ये 'मूकनायक'साठी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले होते. त्यात महाराजांचा फोटो छापण्याची अट नव्हती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने छापायचं नाकारलं, हेही त्याच वर्षातलं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी येतं, मराठीत, पीडीएफमध्ये आणि तेही स्कॅन केलेलं. उर्दू दैनिकाचं काम वर्षानुवर्षं इनपेज या उर्दू अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर चालत आलेलं. स्कॅनमधला मजकूर उचलता येत नाही, उचलला तरी लिपी वेगळी. रात्रपाळीचा उपसंपादक ते समोर ठेवून हाताने उर्दू करतो आणि नऊ वाजता पान सोडायचं असतं. त्यामुळे 'अर्ज करण्याची अंतिम तारीख' ही ओळच गळते. पत्रक दोन तास आधी आणि मजकुराच्या रूपात पाठवायला शासन निर्णय लागत नाही. 'लोकराज्य' उर्दूतही निघतं, चांगली गोष्ट आहे, पण मासिकातून शेवटची तारीख कळवता येत नाही. शिवाय आता तरुण पोरं पेपर घेतातच कुठे? मुंब्र्यात एक माईक आणि एक मोबाईल घेऊन यूट्यूबवर बातम्या देणारी मुलं गटारापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं दाखवतात. पत्रकार परिषदेच्या निमंत्रणांच्या यादीत ती नसतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की महाराष्ट्रात सरकारी काम मराठीतच झालं पाहिजे, उर्दूचे लाड कशाला? काम मराठीतच होऊ द्या, माझं काहीच म्हणणं नाही. पण बेळगावची आठवण ठेवा. तिथला मराठी माणूस परिपत्रकं, सातबारा, फलक मराठीतही द्या म्हणून वर्षानुवर्षं झगडतो. तेव्हा तो कशावर बोट ठेवतो? भाषक अल्पसंख्याकांना दिलेल्या हमीवर. राज्य पुनर्रचनेच्या वेळी घटनेत ३५०-ब हे कलम आलं, १९५७ मध्ये भाषक अल्पसंख्याक आयुक्तांची कचेरी सुरू झाली, आणि धोरण असं ठरलं की एखाद्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोक दुसरी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. आपण टाळ्या वाजवतो, आणि बरोबर वाजवतो. मग तोच निकष भिवंडीच्या उर्दूला, उल्हासनगरच्या सिंधीला लावून बघा म्हटलं की सभागृह शांत होतं. आत्ता झालं तसं.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दू होती म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने फलक राहू दिला. राजभाषेचा कायदा मराठी वापरायला सांगतो, सोबत दुसरी भाषा वापरायला मना करत नाही, हा निकालाचा गाभा. आणि ठाण्याचं म्हणाल, तर इथल्या सिनेगॉगमध्ये जाणारे बेने इस्रायली घरात मराठी बोलतात. राज्याने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्यांचे जे नातलग इस्रायलला गेले त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. वसईच्या ख्रिस्ती समाजाचं 'सुवार्ता' मराठीतच निघतं आणि पाणी, झाडं, बिल्डर यांच्यावर खणखणीत लिहीत आलं आहे. तेव्हा अल्पसंख्याकांचं माध्यम म्हणजे उर्दूच, हे डोक्यातून काढून टाका.

आता जनगणना येते आहे. प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, मोबाईलवर, स्वतः माहिती भरण्याची सोय असलेली आणि जात विचारणारी. २०१९-२० मधल्या नागरिकत्वाच्या वादानंतर मुंब्र्यात, राबोडीत, भिवंडीत दारावर वही घेऊन येणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात हे सर्वेक्षणाला गेलेल्या शिक्षकांना विचारा. अमेरिकेतही २०२० च्या जनगणनेआधी नागरिकत्वाच्या प्रश्नावरून अशीच भीती पसरली होती. तिथे एकट्या कॅलिफोर्निया राज्याने लोकांपर्यंत पोचण्यासाठी १८ कोटी ७० लाख डॉलर बाजूला काढले, आणि त्यातला काही पैसा स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांकडे, रेडिओकडे गेला. आपल्याकडे एवढा पैसा कोणी मागत नाही. मागणी इतकीच, की प्रगणक दारात जाण्याच्या दोन महिने आधी जिल्ह्यातल्या उर्दू, सिंधी, गुजराती, मल्याळी पेपरांचे संपादक आणि ती माईकवाली मुलं यांना एका खोलीत बसवा आणि लोक त्यांना काय विचारतात ते अधिकाऱ्यांनी आधी लिहून घ्यावं. 'ही माहिती कुठे जाणार?' 'आधार कार्ड दाखवायचं का?' 'मातृभाषेच्या रकान्यात कोकणी लिहू की उर्दू?' याची उत्तरं अधिकाऱ्याच्या नावानिशी छापून येऊ द्या. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी सोबत आणला आहे. मागच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना सही करायची आहे त्यांनी करा, आणि ज्यांना त्यात भर घालायची आहे त्यांनी समासात लिहा, जागा भरपूर सोडली आहे.