धागे लपवले नाहीत

आधी हा पहारेकरी बघा, लाकडी कळसूत्री बाहुली आहे. धड एकच पण हात किती, पाय किती, हातात तलवारी, अंग सगळं चंदेरी. रोबो वाटतो ना? हा बनलाय १९१८ साली, रोबो हा शब्दसुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता.

बनवणारी सोफी टॉयबर, जन्म १८८९ चा, स्वित्झर्लंडमधल्या दावोसचा. झुरिकच्या कलाशाळेत ती टेक्स्टाइल शिकवायची, तेरा वर्षं शिकवलं, आणि संध्याकाळी दादा मंडळींच्या कार्यक्रमात मुखवटा घालून नाचायची. दादा म्हणजे आपला गल्लीतला नव्हे, युद्धाला वैतागलेल्या कलाकारांची टोळी. हान्स आर्प त्यातलाच, पुढे तिचा नवरा, आणि मग ही कितीतरी वर्षं लोकांसाठी फक्त आर्पची बायको. असो.

तर शाळेच्या डायरेक्टरने बाहुल्यांचं थिएटर काढलं आणि तिला 'राजा हरीण' हे नाटक दिलं. गोष्ट जुनी, कार्लो गोझ्झी या इटालियन नाटककाराची, पण इथे आणली थेट तेव्हाच्या झुरिकमध्ये, म्हणून पात्रांत एक फ्रॉइड ॲनालिटिकस आहे, एक डॉक्टर कॉम्प्लेक्स, मनोविश्लेषणवाल्यांची सरळ टिंगल.

आता जवळून बघा. लाकूड लेथवर कातलेलं, शंकू, नळकांडी, गोळे, वर रंग तिच्या हातचा. कळसूत्री बाहुलीला झगा घालतात तो बराचसा सांधे झाकायला, हिने सांधे उघडेच ठेवले, कापड आहे तिथेही ते शोभेला. कोपर म्हणजे हुकात अडकवलेली कडी, बस, त्यामुळे हात लटकतो, झुलतो, माणसासारखं चालायचं ढोंगच नाही. मागचे सेटही तिचेच. कारागिरी वेगळी आणि आर्ट वेगळं म्हणणाऱ्यांनी व्हिडिओ इथे पॉज करून ही कोपराची कडी बघावी.

बाहुल्या सतरा, प्रयोग तीन. फ्लूची साथ आली, थिएटर बंद.

पुढे स्ट्रासबुर्गच्या ऑबेत या करमणूक केंद्राचं इंटिरियर, पॅरिसजवळ स्वतः डिझाइन केलेलं घर, चौकोन-वर्तुळांची पेंटिंग्ज, मग युद्ध, पळापळ, आणि जानेवारी १९४३ मध्ये झुरिकला मित्राच्या घरी रात्री स्टोव्हच्या विषारी वायूने गेली. ५३ वर्षांची होती.

ही पन्नास स्विस फ्रँकची नोट, १९९५ ची, वर तिचा चेहरा. त्या सिरीजमध्ये बाई ही एकटीच.

आणि हे हरीण. शिंगांवरून वर बघत जा, धागे दिसतील.